खापरांचे गणित

इतिहास विषय घेतला म्हणजे गणित कायमचे सुटले, असा आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा समज असतो. तो किती अपुरा आहे, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न आहे.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथील तांबूस रंगावर काळी नक्षी काढलेली तोटीची भांडी आणि पोटाशी कोन असलेले वाडगे इतके वैशिष्ट्यपूर्ण होते की, पुढे अशी भांडी मिळाली त्या त्या ठिकाणच्या संस्कृतीला ‘जोर्वे’ हेच नाव पडले. ही पारख जाणकाराच्या नजरेने होते. परंतु दोन जाणकारांचे मत जुळले नाही तर निवाडा कोणी करावयाचा? येथे संख्याशास्त्र उपयोगी पडते.

‘आकार’ हा शब्द आपण लहानमोठेपणा आणि घडण अशा दोन्ही अर्थांनी वापरतो. गणिताला ते वेगळे करावे लागतात. समजा, एका वाडग्याचे तोंड १२ सेंटिमीटर रुंद आणि उंची ६ आहे. दुसऱ्याची हीच मापे १८ व ९ आहेत. दोन्हींचे गुणोत्तर २, म्हणजे आकारमान वेगळे पण घडण एक. तिसऱ्याची मापे १२ व ८ असतील, तर गुणोत्तर १.५ येते. तो पहिल्याइतकाच रुंद असूनही घडणीने निराळा ठरतो. इंग्लंडमध्ये डेरेक रो यांनी १९६० नंतरच्या दशकात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी अशाच गुणोत्तरांनी वर्गीकृत केल्या. सर्वांत रुंद भाग बुडापासून किती अंतरावर आहे, त्यास एकूण लांबीने भागले की टोकदार आणि अंडाकृती हत्यारे वेगळी पडतात.

मापे अनेक झाली की अडचण येते. तोंड रुंद झाले की बहुधा उंचीही वाढते. दोन्ही फरक सुटे धरले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ साली मांडलेले ‘अंतर’ मापांचा हा परस्परसंबंध हिशेबात घेते. सी. आर. राव यांनी केंब्रिजला जाऊन सुदानमधील जेबेल मोया येथील प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासात तीच रीत वापरली. पुढे केंब्रिजच्याच डेव्हिड केंडल यांनी १९८४ च्या निबंधात घडणीचे गणित काटेकोरपणे मांडले. वस्तूची जागा, आकारमान आणि तिचे फिरणे वगळल्यावर जे उरते ती घडण होय. व्यवहारात भांड्याच्या चित्रावर काठ, मान, पोटाचा फुगवटा, बूड असे बिंदू ठरवतात, चित्रे एका मापावर आणून एकमेकांवर बसवतात आणि बिंदूंमध्ये उरलेला फरक मोजतात. हे काम दुसऱ्या कोणालाही पुन्हा करून पडताळता येते, हा त्याचा मोठा गुण.

मात्र आकडे फरक किती ते सांगतात, का ते सांगत नाहीत. हातकुऱ्हाडीला पुन्हा धार काढली की तिची घडण बदलते. तेव्हा हत्यारांचे दोन गट म्हणजे दोन लोकसमूह, असे नव्हे. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या उत्खननात (१९६८-८३) उत्तर जोर्वे काळातील भांडी जाडीभरडी झालेली आढळली. म. के. ढवळीकर यांनी त्याचा संबंध अवर्षण आणि हलाखी यांच्याशी जोडला. तो निष्कर्ष केवळ भांड्यांवरून निघाला नाही. मातीचे थर, घरे, धान्य, हाडे हे सर्व एकत्र पाहावे लागले.

ही गोष्ट मला आमच्या देऊळघाटसाठीही महत्त्वाची वाटते. पैनगंगेकाठच्या या भागात गावोगावी पांढरीची माती उकरून शेतात टाकली जाते आणि तिच्याबरोबर खापरेही जातात. घडण मोजताना गणित जागा वगळते. इतिहासाला मात्र जागाच आधी लागते. कोणत्या थरातले ते ठाऊक नसलेल्या खापराची मापे कितीही अचूक घेतली, तरी त्याचा काळ आणि त्याची माणसे परत मिळत नाहीत. म्हणून विद्यार्थिमित्रांना एवढेच सांगणे आहे की, खापर दिसले तर खिशात घालू नका. ते कोठे आणि किती खोलीवर दिसले ते प्रथम लिहून ठेवा आणि आपल्या प्राध्यापकांना ती जागा दाखवा.