बर्गनचे सहा तास

ठाण्यातल्या उपवन तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्या आमच्या घोळक्यात सध्या नॉर्वेचं वारं शिरलंय. एका जोडप्यानं जूनमधली क्रूझ बुक केली आहे. आम्ही दोघं तिकडे एकदा जाऊन आलेलो असल्यामुळे मी आपोआप जाणकार ठरलो; वर्तकनगरात जाणकार व्हायला एवढं पुरतं. परवा त्यातल्या वहिनींनी बाकावर बसून प्रवासाचा कागद उलगडला. त्यावर एक ओळ होती : बर्गन, सकाळी 8 ते संध्याकाळी 5. त्या ओळीखाली त्यांनी पेनानं नऊ ठिकाणं लिहून काढली होती. महाबळेश्वरला पॉइंट उरकतात ना, तशी.

‘‘नऊ तास, नऊ ठिकाणं. जमेल ना हो, भाऊजी?’’

नऊ तास मिळतच नाहीत. आठ ही बोट धक्क्याला लागायची वेळ. मग दोर बांधायचे, बंदरावरच्या लोकांनी कागद बघायचे, त्यानंतर बाहेर पडायचं दार उघडतं आणि दोन-तीन हजार माणसं एकदम जिन्याकडे आणि लिफ्टकडे वळतात. पाय जमिनीला लागेपर्यंत नऊ वाजतात. दुसऱ्या टोकाला पाच ही बोट सुटायची वेळ. वर चढायची शेवटची वेळ बहुधा त्याच्या अर्धा तास आधी असते, आणि धास्ती नको असेल तर चारला धक्क्यावर असलेलं बरं. राहिले सात तास. त्यातून जेवण, स्वच्छतागृहाची रांग आणि ‘अहो, तुम्ही इथेच उभे राहणार होतात ना’ हे प्रकरण वजा केलं की सहा उरतात.

घड्याळाचीही एक गंमत आहे. इंग्लंडहून निघालेल्या काही बोटी नॉर्वेतही आपलं घड्याळ बदलत नाहीत आणि किनाऱ्यावरची वेळ त्यांच्या एक तास पुढे असते. काही बोटी बदलतात. आपला मोबाइल मात्र किनाऱ्याजवळ आला की कुणाला न विचारता स्थानिक वेळ लावून मोकळा होतो. म्हणून साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावून हातात ठेवायचं आणि उतरायच्या आदल्या रात्री खोलीत जो कार्यक्रमाचा कागद येतो, त्यावरची वेळच खरी मानायची.

‘‘थोडा उशीर झाला तर थांबतील की. एवढे पैसे घेतलेत.’’ आमच्यातल्या एका काकांचं हे मत. बोटीनंच आखलेल्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते. आपण आपले फिरायला गेलो असू तर थांबत नाही. पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठावं लागतं. ठाण्याला फास्ट चुकली तर मागून दुसरी येते, तसा इथे प्रकार नाही. खिशात पासपोर्टची प्रत आणि बंदरातल्या एजंटाचा नंबर ठेवावा. तो नंबर त्या कार्यक्रमाच्या कागदावरच छापलेला असतो, फक्त कुणी वाचत नाही.

आता वहिनींच्या यादीतलं पहिलं ठिकाण. फियॉर्ड. बर्गनला ‘फियॉर्डांचं प्रवेशद्वार’ म्हणतात आणि लोक त्याचा अर्थ धक्क्यावरूनच उंच कडे आणि धबधबे दिसतील असा घेतात. दिसतात त्या हिरव्या टेकड्या, सात डोंगरांचं शहर म्हणतात त्याला. जागतिक वारसा यादीतला अरुंद नेरॉयफियॉर्ड आणि फ्लोमची प्रसिद्ध रेल्वे हे सगळं बर्गनहून गाडी, बस आणि बोट बदलत करायचं म्हटलं तर सकाळ ते रात्र जाते. सहा तासांत ते बसवायचा प्रयत्न म्हणजे ठाण्याहून निघून लोणावळा, भंडारदरा आणि माळशेज एका दिवसात. तुमची बोट पुढे फ्लोमला थांबणार असेल तर ती रेल्वे तिथेच करा. 20 किलोमीटर, साधारण तासाभराचा प्रवास आणि समुद्रसपाटीपासून 866 मीटरची चढण. फियॉर्डवाचून जीव राहतच नसेल तर बर्गनहून मोस्ट्रॉमेनपर्यंत तीन-साडेतीन तासांची बोटफेरी असते, पण मग शहर विसरायचं. बोटीतून उतरून पुन्हा बोटीतच बसायचं, हे मला काही पटत नाही.

‘‘शहर लांब असेल, टॅक्सी लागेल.’’ हे कुठल्या धक्क्याला लागता त्यावर आहे. स्कोल्टेनला लागलात तर समोर बर्गनहूस किल्ला आणि दहा मिनिटं चाललं की जुनं शहर. टॅक्सीत बसून दार लावेपर्यंत पोचाल. येक्तेविकच्या बाजूला लागलात तर मालधक्क्यातून पायी जाऊ देत नाहीत, पण तिथून शहरात सोडणारी शटल बस असते. मुरगाव बंदरात उतरणाऱ्यांना पणजी गाठायला जेवढी यातायात पडते तिच्या पासंगालाही हे पुरत नाही. बसमध्ये बसून शहर बघायची महागडी सहल घ्यायची ती गुडघे दुखत असतील तर. नाहीतर हे शहर चालायचंच आहे. जमीन दगडी फरशीची आणि चढउताराची आहे, एवढं मात्र बुटांना सांगून ठेवा.

पावसाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या एका गोष्टीवर आम्हा ठाणेकरांना बोलायचा अधिकार आहे.

बर्गन हे युरोपातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक. वर्षाला साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर. सहलीच्या पुस्तिकेत हे वाचून लोक घाबरतात आणि बर्गनचा दिवस बोटीतच काढायचा विचार करतात. अहो, मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच सुमारे तेवीसशे मिलिमीटर पडतो, आणि आपण ठाण्यात त्याच पावसात पोखरण रोडवरून कामाला जातोच की. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर नोंदला गेला. बर्गनला तेवढं पाणी जमवायला सरासरी साडेचार-पाच महिने लागतील. फरक वाटपात आहे. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, त्यांचा बारा महिने पुरवून पुरवून पडतो. 2006 च्या ऑक्टोबरअखेरपासून 2007 च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग 85 दिवस पावसाची नोंद झाली. त्यातला बराचसा पाऊस म्हणजे आपण ज्याला भुरभुर म्हणतो आणि ज्यात छत्री उघडायची लाज वाटते, तो. समुद्रावरून ढग येतात, डोंगरांना अडतात, रिकामे होतात आणि तासाभरात ऊनही पडतं. म्हणजे सह्याद्री आणि कोकणाचंच गणित, थंडीत मांडलेलं. एप्रिल ते जून हे तिथले त्यातल्या त्यात कोरडे महिने. दिवस रद्द करायची गरज नाही. टोपीचं रेनकोट-जॅकेट घ्या आणि छत्री घरी ठेवा. मी मोठ्या हौसेनं इथून चांगली दांड्याची छत्री नेली होती. धक्क्यावरच्या वाऱ्यानं ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी केली आणि पुढचे सहा तास मी तो सांगाडा काखेत घेऊन हिंडलो. फोटोत आहे ती. सगळ्या.

थंडीचंही तसंच. बर्गन 60 अंश उत्तर अक्षांशावर आहे, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या ओळीत, म्हणून लोक थर्मलचे दोन-दोन जोड भरतात. पण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह आणि पश्चिमेचे वारे या किनाऱ्याला सांभाळतात. जानेवारीतही तिथली सरासरी शून्याच्या थोडी वरच असते आणि जूनमध्ये दुपारी पंधरा ते वीस अंशांत एक स्वेटर पुरतो. डेकवरचा वारा वेगळा, तिथे कानटोपी लागते.

मध्यरात्रीचा सूर्य बर्गनला दिसत नाही. तो आर्क्टिक वृत्ताच्या, म्हणजे साडेसहासष्ट अंशांच्या वर. बर्गनला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो खरा, पण मावळतो. आणि ‘नॉर्दर्न लाइट्स’ला अंधार लागतो. जूनमध्ये एका फेरीत दोन्ही दाखवू, असं कुणी सांगितलं तर त्याला हात जोडावेत.

पैशांचं पटकन सांगतो. नॉर्वेत युरो चालत नाही, क्रोन चालतो. युरोपीय संघात जायचं की नाही यावर तिथे 1972 आणि 1994 असं दोनदा मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी नको म्हटलं. एक क्रोन अलीकडे आठ-नऊ रुपयांच्या आसपास असतो. नोटा नेण्याची गरज जवळजवळ पडत नाही, स्वच्छतागृहाचे पैसेसुद्धा कार्डानं देता येतात. यंत्र ‘रुपयांत की क्रोनमध्ये’ असं विचारतं तेव्हा क्रोन दाबायचं; रुपये दाबले की वरचा दर त्यांचा. संघात नसला तरी नॉर्वे 2001 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो. वाटेत बोट स्कॉटलंडच्या एखाद्या बंदराला लागणार असेल तर आपण शेंगेनबाहेर पडून पुन्हा आत येतो, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा आणि ब्रिटनचा वेगळा. हे बुकिंगच्या दिवशी विचारायचं असतं, निघायच्या आठवड्यात नाही.

आणि खाऊ. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या बाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी आणि घरचं साजूक तूप वर्तकनगरातच राहील. भाकरवडीला कुणी अडवलं नाही. मासळी बाजार बघायला छान, पण तो आता बराचसा पर्यटकांसाठी आहे. तिथे बसून खाल्लेल्या खेकड्याचं बिल घरी सांगायचं नसतं. शाकाहाऱ्यांनी सुपरमार्केटमधून ब्रेड, फळं आणि चीज घ्यावं. बेकरीत मिळणारा दालचिनीचा गोल पाव, स्किलिंग्सबोले, ही बर्गनची खासियत. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा कुणाला भेटवस्तूंचं वचन देण्याआधी वार बघा.

तर वहिनींच्या नऊ ठिकाणांतली दोनच मी ठेवली.

सकाळी फ्लॉयेन. शहराच्या मधूनच दोरावर ओढली जाणारी फ्लॉइबानेन नावाची रेल्वे डोंगरावर जाते. 1918 पासून चालू आहे. पाच-सात मिनिटांत 320 मीटर उंचीवर. सगळी बोट साडेनऊला तिथेच रांगेत असते, म्हणून तिकीट आधी ऑनलाइन काढावं, आणि तेही फक्त वर जाण्याचं. उतरताना झाडीतून पायवाट आहे, रमतगमत पाऊण तास. येऊरला पहाटे जाणाऱ्यांना तर ती मुळीच जड जाणार नाही.

दुपारी ब्रिग्गेन. धक्क्यालगतच्या त्या लाल-पिवळ्या तिरप्या छपरांच्या लाकडी घरांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. बहुतेक जण समोर उभे राहून तोच फोटो पुन्हा काढतात आणि निघतात. ही घरं मध्ययुगातली आहेत, असं सांगणारे गाइडही भेटतात. तसं नाही. 1702 च्या आगीत हा भाग जळाला. आज उभी आहेत ती घरं त्यानंतरची, पण जुन्याच जागांवर, जुन्याच पद्धतीनं बांधलेली. म्हणजे वाडा नवा, चौथरा जुना. 1955 मध्ये पुन्हा आग लागली आणि आणखी काही भाग गेला. उरलेल्या 62 इमारती 1979 मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या.

फोटो झाला की दोन घरांच्या मधल्या फटीत शिरा. पैसे पडत नाहीत. पायाखाली फळ्या, दोन्ही बाजूंना फळ्यांच्याच भिंती, कुठे बाहेरून गेलेले जिने, वर माल ओढून घ्यायच्या कप्प्या. काही भिंती इतक्या कललेल्या की आपणच मान वाकडी करतो. आतल्या चौकात लाकडाचा भलामोठा कॉड मासा ठेवलाय. त्याच्यावरच हे सगळं उभं राहिलं. 1360 च्या सुमारास हान्झा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली. सुरतेत आणि राजापुरात इंग्रजांनी घातली तशी, पण अडीचशे वर्षं आधी. उत्तरेकडून सुका कॉड यायचा, जर्मनीकडून धान्य यायचं, आणि हा व्यवहार 1754 पर्यंत चालला. वसई-अर्नाळ्याला बोंबील टांगतात तसाच तो मासा लोफोटेन बेटांवर लाकडी मांडवांवर बिनमिठाचा टांगतात. आपला बोंबील ऊन वाळवतं, त्यांचा कॉड थंड वारा. लाकडाच्या वस्तीत आगीची भीती एवढी की या घरांत विस्तव पेटवायला बंदी होती. शिकाऊ पोरं थंडीत तशीच कपाटासारख्या खणांत झोपायची. जेवायला आणि ऊब घ्यायला मागे वेगळ्या शेगडीच्या खोल्या होत्या. लग्न करायचीही मुभा नव्हती.

1955 च्या आगीनंतर जळक्या जागेत उत्खनन झालं आणि तिथेच 1976 मध्ये ब्रिग्गेन संग्रहालय उघडलं. स्कोल्टेनला परत जाताना ते वाटेतच लागतं, तासभर हाताशी ठेवून पोचलात तर आत जाच. खणताना रूने लिपीत कोरलेले सहाशेहून जास्त लेख सापडले, बहुतेक लाकडाच्या काड्यांवर. राजांच्या आज्ञा वगैरे नाहीत. मालावर अडकवायच्या मालकाच्या नावाच्या पट्ट्या, उधारीचे निरोप, प्रेमातले चावट मजकूर. आपण व्हॉट्सॲपवर जे पाठवतो तेच, चाकूनं कोरलेलं.

त्यातल्या एका काडीवर निरोप आहे की गीडा तुला घरी यायला सांगते आहे. गीडा कोण, कुणाची बायको, तो गडी कुठे रेंगाळला होता, काही कळत नाही. पलीकडे त्याचं उत्तर लिहायचा प्रयत्न दिसतो, पण तो वाचता येत नाही. मी ते वाचत उभा होतो तेव्हा बायकोनं मनगट वर करून घड्याळ दाखवलं. चार वाजायला दहा कमी होते, बोटीचे.