शाळेचे छप्पर आणि सरकारी मदत

वादळाने शाळेचे छप्पर उडाले की गावात पहिला प्रश्न निघतो, "सरकार काय देणार?" प्रश्न रास्त आहे. परंतु मदतीची वाट ठाऊक नसल्यामुळे ती उशिरा पोहोचते, तोकडी पडते, कित्येकदा येतच नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ती वाट सभासद बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आपले रामनगर सह्याद्रीच्या कुशीत आहे. सुपा धरणामुळे गावे सोडावी लागलेली कित्येक कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. येथे वळवाचा वारा आणि मृगानंतरचा पाऊस दोन्ही जबर. 1921 असो वा 2021, निसर्ग आपला क्रम सोडीत नाही. मे 2021 मध्ये तौते हे चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे गेले, तेव्हा आपल्या जिल्ह्यालाही त्याची झळ लागली. त्याआधी 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक शाळांची छपरे उडविली होती.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. शिवाय वारा छपराला नुसता ढकलीत नाही, वर उचलतोही. म्हणून प्रथम वळचणीची व आढ्याजवळची कौले सुटतात. तेथून पाणी शिरले की वासे कुजतात आणि भिंती ओल धरतात. पाच-पंचवीस कौलांचे काम अशा रीतीने हजारांवर जाते.

आता पैशाविषयी. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक राज्यात आपत्ती प्रतिसाद निधी असतो. कर्नाटकासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के व राज्याचा 25 टक्के असतो. 2022 ते 2026 या मुदतीच्या निकषांत प्राथमिक शाळेच्या नुकसानीसाठी प्रत्येक इमारतीमागे 2 लाख रुपयांपर्यंतची मर्यादा होती. ही रक्कम तातडीच्या दुरुस्तीसाठी. नवी इमारत तीत होत नाही. चक्रीवादळ, पूर, दरड, गारपीट, ढगफुटी या आपत्ती केंद्राच्या यादीत आहेत. यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींसाठी राज्याला निधीचा 10 टक्क्यांपर्यंत भाग वापरता येतो. याखेरीज समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक अनुदान मिळते. किरकोळ डागडुजी त्यातून करावयाची असते.

यावरून पंचनाम्याचे महत्त्व ध्यानात येईल. नुकसान कोणत्या दिवशी, किती वाजता, कशाने झाले, हे त्यात नेमके लिहिलेले असले पाहिजे. नुसते "छप्पर पडले" असे लिहिले तर ते वादळाने पडले की जुनाटपणाने, हा प्रश्न कचेरीत उभा राहतो. म्हणून मोडतोड हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी व शाळा विकास व देखरेख समितीने गटशिक्षणाधिकारी, तहसीलदार आणि ग्रामपंचायत यांना लेखी कळवावे व पोचपावती घ्यावी. तलाठ्याचा पंचनामा आणि अभियंत्याचा खर्चाचा अंदाज यांच्या नकला शाळेच्या दप्तरी ठेवाव्यात.

येथे केवळ कौलांचा प्रश्न नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यघटनेचे 350-अ हे कलम सांगते. आपल्या भागातील मराठी शाळांचा पट आधीच थोडा. एक वर्ग गळू लागला की पालक मुलांना दुसरीकडे घालतात. पट घटला की शिक्षक कमी होतात, आणि उद्या दुरुस्ती झाली तरी वर्गात बसावयास मूल उरत नाही. मदतीला सहा महिने लागणे म्हणूनच छोट्या शाळेला परवडत नाही.

तेव्हा आपल्या ट्रस्टने काय करावे? सरकारची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊ नये, पण मधला काळ सांभाळावा. ताडपत्री द्यावी, वर्गासाठी सभागृह उघडावे, अर्ज लिहिण्यास व पाठपुराव्यास जाणता माणूस द्यावा. संस्थेच्या स्वतःच्या इमारतींचा विमा उतरवून त्यात वादळाचे संरक्षण आहे ना, हे तपासावे. आणि दरवर्षी एप्रिल महिन्यात प्रत्येक शाळेचे छप्पर एकदा पाहून घ्यावे. शाळेवर झुकलेल्या झाडासाठी वनखात्याकडे वेळीच अर्ज करावा.

मृगापूर्वी आपण घराची कौले परततो. शाळेची कौलेही त्याच आठवड्यात परतली गेली, तर पुष्कळ अर्ज लिहिण्याची वेळच येणार नाही.