पहिल्याच सत्रात गुण घसरतात तेव्हा…

बारावीला गणितात नव्वदच्या पुढे गुण, सीईटीत चांगले पर्सेंटाइल आणि घरातला पहिला इंजिनीअर होणार म्हणून गल्लीभर वाटलेले पेढे. त्यानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांत महाविद्यालयाची पहिली लेखी परीक्षा होते आणि त्याच मुलाला ३० पैकी ७ गुण पडतात. घरून फोन आला की ‘सगळं ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते. इंजिनीअरिंगच्या वसतिगृहांत हे दरवर्षी घडते. ‘आपली इथे यायची लायकीच नव्हती’ हा विचार याच सुमारास मनात घर करतो. बहुतेकांच्या बाबतीत तो चुकीचा असतो. बुद्धी तीच असते. अभ्यासाची जुनी पद्धत मात्र नव्या ठिकाणी अपुरी पडते.

बारावीचा अभ्यासक्रम क्लासमध्ये वर्षभर, काही ठिकाणी दोन वर्षे घोटून घेतला जातो. सीईटीत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. इथे गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅमिंग आणि ग्राफिक्स यांपैकी पाच-सहा विषय चार महिन्यांत उरकतात आणि उत्तर पायरीपायरीने स्वतः मांडावे लागते. मराठी माध्यमातून आलेल्यांना त्यात इंग्रजीशीही झगडावे लागते. मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला २०२१ पासून परवानगी आहे, पण बहुतेक वर्ग अजून इंग्रजीतच भरतात. शिवाय मेसचे जेवण, नवे रूममेट आणि उठवायला कोणी नसलेली सकाळ हे सगळे एकदमच येते.

वाचलेले आणि आलेले

‘तीनदा वाचून गेलो होतो, तरी पेपरात आठवलं नाही’ ही तक्रार नेहमीची. तिचे कारण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात सापडते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून, कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता. आठवड्यानंतर चित्र उलटले : पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

सोडवलेले गणित वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटते आणि ‘हे येतंय’ असा भास होतो. वही मिटून कोऱ्या कागदावर तेच गणित सुरुवातीपासून सोडवले की नेमके कुठे अडते ते कळते. त्याच संध्याकाळी एक, दोन दिवसांनी एक आणि आठवड्याने एक, असे अंतर ठेवून सोडवलेले गणित परीक्षेपर्यंत टिकते.

शीटवर न दिसणारी वस्तू

ग्राफिक्सच्या वर्गात अनेकांची वेगळीच कोंडी होते. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल हे काहींना चटकन कळते. काहींना शीटवर फक्त रेषा दिसतात आणि ‘हे उपजतच असावं लागतं’ असे ते ठरवून टाकतात. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सोर्बी यांनी १९९३ पासून अशाच, अवकाशीय कल्पनाशक्तीच्या चाचणीत मागे पडलेल्या नवागतांसाठी खास वर्ग चालवला. हाताने रेखाटन करणे आणि ठोकळे फिरवून पाहणे हा त्याचा गाभा. एका सत्राच्या सरावाने त्यांचे चाचणीतले गुण लक्षणीय वाढले. ही क्षमता सरावाने वाढते, हे त्यातून दिसले. बटाटा किंवा साबणाची वडी सुरीने कापून, तिन्ही बाजूंनी पाहून तिचे चित्र काढणे हा वसतिगृहातही जमणारा सराव आहे.

सबमिशनची रात्र

जर्नल आणि शीट पुऱ्या करण्यासाठी रात्र जागवणे हा पहिल्या वर्षाचा जणू रिवाजच. पण दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. हिप्पोकॅम्पस या भागातील ताज्या नोंदी गाढ झोपेत पुन्हा जाग्या होतात आणि मेंदूच्या बाह्य आवरणात स्थिरावतात. झोप तोडली की अभ्यासाचा हाच टप्पा तुटतो. या वयात ७ ते ९ तास झोप लागते. कॉफीतील निम्मे कॅफिन शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे रात्री दहाचा कप पहाटे तीनपर्यंत अर्धा शिल्लक असतो. रोज एक प्रयोग त्याच दिवशी लिहून टाकला तर जागरणाची वेळ क्वचितच येते.

एकट्याचेच नाही

आपल्यालाच जमत नाही ही भावना अभ्यासाइतकीच जड असते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला परके वाटणे सर्वांच्याच वाट्याला येते आणि ते ओसरते, एवढाच त्याचा मथितार्थ. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तासाभराच्या त्या वाचनानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षे सुधारलेले दिसले. आपल्याकडेही एखाद्या सीनियरने ‘मलाही एम-वनमध्ये केटी लागली होती’ असे मोकळेपणाने सांगितले, तर नव्या मुलाचा जीव भांड्यात पडतो.

मात्र सगळेच आपोआप ओसरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप किंवा भूक उडणे, वर्ग टाळून खोलीत पडून राहणे, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे ही लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. महाविद्यालयातील समुपदेशक किंवा डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल तर त्या मुलाला एकटे सोडू नये.

घरच्यांच्या हातातही बरेच असते. फोनवर ‘किती पडले?’ याच्या आधी ‘जेवलास का? झोप होते का?’ असे विचारले तर मुलगा खरे सांगण्याची शक्यता वाढते. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेत सोडवता येतो. तोवर अडचण घरात बोलता येते, एवढा विश्वास त्याला हवा.