संस्थेचा लौकिक आणि बालकांची सुरक्षितता

वसतिगृह ही आपल्या सामाजिक इतिहासातील क्रांतिकारक संस्था आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा उभी केली. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. गावाने नाकारलेल्या मुलाला या संस्थांनी छप्पर, अन्न आणि पुस्तक दिले. परंतु मुलाला घरापासून दूर ठेवून घेणारी संस्था त्याचे पालकत्वही स्वीकारत असते. त्या पालकत्वातील पहिले कर्तव्य म्हणजे बालकाची सुरक्षितता, आणि त्याविषयी आपण सभा-समारंभांतून फारसे बोलत नाही.

बौद्ध संस्थेला हा विचार नवा नाही. राहुलाच्या प्रव्रज्येनंतर व्यथित झालेल्या शुद्धोदनाने विनंती केली आणि मातापित्यांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी घालून दिला. भिक्षू एखाद्या स्त्रीसोबत आडोशाच्या जागी एकांतात बसला आणि विश्वासार्ह उपासिकेने तसे सांगितले, तर संघाने त्याची दखल घ्यावी, असे पातिमोक्ख सांगते. या नियमाच्या उगमकथेतील उपासिका म्हणजे विशाखा. वर्षावासाच्या अखेरीस होणाऱ्या पवारणेत तर प्रत्येक भिक्षू स्वतःहून संघाला विनवतो, की माझ्याबाबत दोष दिसला, ऐकला वा त्याची शंका आली असेल, तर सांगावे. पालकांची संमती, एकांताला मर्यादा आणि शंकेचीही दखल ही तिन्ही तत्त्वे विनयात आहेत. चीवर धारण करणाराही प्रश्नांच्या पलीकडे नाही, हा त्याचा अर्थ आहे.

आजचा कायदा याच दिशेने जातो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचे संरक्षण आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल, किंवा घडण्याची ज्याला भीती वाटेल, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना माहिती देणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. माहिती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालील व्यक्तीने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कारावास एक वर्षापर्यंत आणि सोबत दंड. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही कारवाई होत नाही.

‘आधी आपण आपापसांत चौकशी करू, खात्री पटली तर पुढचे पाहू’ ही आपल्या संस्थांची सवय येथे चालत नाही. तपास हे पोलिसांचे काम आहे, संस्थेचे काम कळवण्याचे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने ही बाब कळवली नाही, असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्या डॉक्टरवरील गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले.

कळवण्याइतकेच प्रतिबंधाला महत्त्व आहे. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांच्या संपर्कात येणाऱ्या संस्थेने शिक्षक, गृहपाल, स्वयंपाकी, चौकीदार, कंत्राटी कामगार अशा प्रत्येकाची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावयाची असते आणि त्यांना प्रशिक्षण द्यावयाचे असते. शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. मोठ्या मुलांकडून लहानांचा होणारा छळ हीदेखील संस्थेचीच जबाबदारी होय.

माजी विद्यार्थी, देणगीदार आणि पाहुणे यांच्यावरही बंधने येतात. संस्थेवरील प्रेम हा मुलांच्या खोल्यांत केव्हाही जाण्याचा परवाना नव्हे. शिकवणी असो वा समुपदेशन, ते इतरांच्या नजरेच्या टप्प्यात व्हावे. मुलांची छायाचित्रे परवानगीवाचून समाजमाध्यमांवर टाकू नयेत. पीडित बालकाची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेल्या आईवडिलांशी मुलाला मोकळेपणाने, कोणी शेजारी उभे नसताना, बोलता आले पाहिजे. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो प्रामाणिकपणे विचारला जातो. वर्गणीच्या चार-चार आण्यांतून उभी राहिलेली आपली संस्था; तक्रार बाहेर गेली तर टपून बसलेल्यांच्या हाती कोलीत मिळणार नाही काय? ही भीती निराधार नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजायची, याचे उत्तर द्यावे लागेल. सातवीतल्या मुलाने मौन पाळून संस्थेचा लौकिक राखायचा असेल, तर तो लौकिक आपला नव्हे. ‘आपल्या माणसांविरुद्ध बोलू नकोस’ हे वाक्य आपल्या पूर्वजांनी गावकुसाबाहेर पुरेसे ऐकले आहे. ते आपल्या वसतिगृहात पुन्हा उच्चारले जाऊ नये.

मूल काही सांगू लागले, तर मोठ्यांनी काम बाजूला ठेवून ऐकावे, त्याला दोष देऊ नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन देऊ नये आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवावे. संस्थेचे नाव राखण्याचा याहून सन्मार्ग नाही.