घरचा स्टुडिओ (भाग ६) : पेटीने जागा दिली की शब्द ऐकू येतो

मागच्या भागात अभंग रेकॉर्ड झाला. गायिकेचा आवाज, पेटी, तबला, टाळ आणि तानपुरा असे पाच ट्रॅक आता कॉम्प्युटरवर आहेत. एकेक ऐकला तर प्रत्येक चांगला वाटतो. सगळे एकदम वाजवले की मात्र गलका होतो आणि अभंगाचे शब्दच हरवतात. पहिल्यांदा घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं बहुधा इथेच अडतं आणि घाईने ईक्यू उघडला जातो.

थोडं थांबावं. आधी फेडर.

सगळे फेडर खाली ओढून पहिल्यांदा गाणं वर घ्यावं, मग तबला, मग पेटी, शेवटी टाळ नि तानपुरा. निम्मा गलका एवढ्यानेच जातो. पेटी थोडी डावीकडे आणि टाळ उजवीकडे सरकवले की आणखी मोकळं वाटतं. त्यानंतरही जे एकमेकांच्या अंगावर येत राहतं, तेवढ्यासाठी ईक्यू.

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातला नेमका कुठला भाग उचलायचा किंवा दाबायचा, ते ईक्यूवर ठरवता येतं. गाण्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, असा सरसकट सल्ला नेहमी मिळतो. आपल्याकडच्या गायकांना त्याहून नेमकी गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे स्वतःची पट्टी. गायिका काळी पाचमध्ये गात असेल तर तिचा षड्ज सुमारे २३३ हर्ट्झवर आणि मंद्र पंचम १७५च्या आसपास येतो. ती त्याखाली उतरत नसेल, तर १०० हर्ट्झच्या खाली तिच्या गाण्यातलं काहीच उरत नाही. तिथे असते पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या गाड्यांचा घुमारा आणि ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण. हाय-पास फिल्टर लावून तो भाग निर्धास्त काढावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम मात्र १०४ हर्ट्झवर असतो. तिथे फिल्टर बराच खाली, ७०च्या जवळ ठेवला नाही तर खर्जातलं वजन जातं.

खरी झटापट पेटी आणि गळ्याची. पेटी गाण्याचेच स्वर, त्याच सप्तकात, त्याच क्षणी वाजवते, आणि एकाच पट्ट्यातला मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. नवखा माणूस अशा वेळी गाण्यातला ३,००० हर्ट्झचा भाग उचलतो. गळा टोचायला लागतो, पेटी फिकी वाटते, म्हणून मग पेटी उचलली जाते. उपाय उलटा आहे. शब्दांतली व्यंजनं स्पष्ट होतात ती मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झमध्ये, आणि कानही याच भागात सर्वांत तीक्ष्ण असतो. तेवढ्याच पट्ट्यात पेटी रुंद वळणाने ३ डेसिबलने खाली घ्यावी. गाण्याला हात न लावता शब्द पुढे येतो. सोलो बटण दाबून ऐकलं तर ही पेटी मंद वाटेल. वाटू द्यावी, कारण श्रोता ती एकटी कधीच ऐकणार नाही.

तबल्याच्या बाबतीत ड्रमसाठी लिहिलेले सल्ले घातक ठरतात. ड्रममधली रेंगाळणारी घणघण शोधून अरुंद पट्ट्यात कापा, असं त्यांत असतं. तबल्याची आस हा दोष नव्हे, तो त्याचा सूर आहे. शाईच्या लेपामुळे आपल्या तालवाद्यांचे उपस्वर पूर्णांकी पटीत जुळून येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवून दिलं होतं. ते उपस्वर छाटले की षड्जाला लावलेला दायाँ बेसूर नाही, तरी निर्जीव होतो. डग्ग्याचा घुमारा खोलीमुळे फुगला असेल, तर तिथे मात्र जरूर कमी करावं.

आता ऐकण्याबद्दल. फ्लॅटमध्ये राहणारे बहुतेक जण रात्री, शेजारी झोपल्यावर, हळू आवाजात मिक्स करतात. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच मांडलं होतं की आवाज हळू झाला की कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. म्हणून रात्री डग्गा वाढवला जातो आणि सकाळी मोठ्याने ऐकल्यावर तोच छातीवर आदळतो. मध्यम आवाजात, दिवसा एकदा तपासावंच. ईक्यू चालू-बंद करून तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवावी, कारण जरा मोठं वाजलेलं कानाला नेहमी चांगलंच वाटतं. शेवटी तेच गाणं मोबाईलच्या स्पीकरवर लावावं. त्या इवल्या स्पीकरमधून डग्ग्याचा खालचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. तरीही ठेका कळला आणि अभंगाचा प्रत्येक शब्द लागला, तर मिक्स मार्गावर आहे.

रिव्हर्ब पुढच्या भागात. तोवर वाचकांनी एक जरूर करावं : ईक्यू पूर्ण बंद ठेवून, केवळ फेडर आणि डावं-उजवं एवढ्यावर आपलं गाणं लावावं आणि ती प्रत वेगळी जपून ठेवावी. पुढचा प्रत्येक बदल तिच्याशीच ताडून बघायचा आहे.