दर दोन तासांनी

१ ऑक्टोबर १९२६ रोजी हिंदुस्थानच्या लष्करातली परिचारिकांची सेवा कायमस्वरूपी झाली. २०२६ हे तिचं शंभरावं वर्ष. ‘इतिहास थोडक्यात दे. बारावीच्या मुलींनी या वाटेला जावं का, ते मात्र नीट विचारून ये,’ असं संपादकांनी सांगितलं, म्हणून मी पुण्यात वानवडीला गेले.

इतिहासाची सुरुवात मुंबईतच होते. २८ मार्च १८८८ला दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. इथल्या लष्करी इस्पितळांतली शुश्रूषा त्यांना शिस्तीत बसवायची होती. पुढे नावं बदलली, पहिलं महायुद्ध आलं, हिंदी मुली भरती होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, एका वटहुकमाने या सेवेला सैन्यदलांच्या साहाय्यक दलाचं स्थान दिलं आणि परिचारिका अधिकारी झाल्या. १९७६मध्ये गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात या हुद्द्यावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला, आणि त्या नर्स होत्या.

आज सैन्यदलांची सहा नर्सिंग महाविद्यालयं आहेत: पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळुरू. सगळ्या मिळून जागा २२०. त्यातल्या ऐंशी महाराष्ट्रात, चाळीस वानवडीच्या सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) आणि चाळीस कुलाब्याच्या नौदल इस्पितळात, म्हणजे ‘अश्विनी’त. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, राहणं-जेवण सरकारी, वर विद्यावेतन. पदवी हाती आली की खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. नेमणूक भूदलाच्या, नौदलाच्या किंवा हवाईदलाच्या कुठल्याही इस्पितळात होऊ शकते. लेहला होईल, गोव्यात वास्कोच्या ‘जीवंती’तही होईल.

माहितीपत्रकात एवढं सगळं मिळतं. जे मिळत नाही, ते मला वानवडीतल्या एका निवृत्त लेफ्टनंट कर्नल बाईंनी सांगितलं. मूळच्या त्या सातारा जिल्ह्यातल्या. नाव छापायचं नाही, या अटीवर बोलल्या. बरीच पोस्टिंग्ज झाली, पण बोलणं पुनःपुन्हा एकाच जागी येत होतं: खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलमधला मणक्याचा विभाग. मज्जारज्जूला इजा झालेले जवान तिथे येतात. कोणाला गोळी लागलेली, कोणाची गाडी दरीत गेलेली, कोणी सुट्टीवर घरी असताना झाडावरून पडलेला. वय बहुधा विशी-पंचविशीचं.

‘तिथलं मुख्य काम कोणतं?’ मी विचारलं.

‘कूस बदलणं,’ त्या म्हणाल्या.

कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला एका कुशीवर अवघडल्याचं कळत नाही. आपण झोपेतही हलतो, तो हलत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, जिथे हाड कातडीला टेकतं तिथला रक्तपुरवठा दाबाखाली थांबतो. आधी लाल डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर तो फिका पडला, तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला, तर आतली पेशी मरायला लागलेली असते. तिथे जखम होते, जखमेत जंतू जातात, आणि गोळीतून वाचलेला जवान बेडसोरने जाऊ शकतो. यावर कुठलंही औषध नाही. मुख्य उपाय एकच: दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसाच्या चोवीस तासांत बारा वेळा. दिवाळीतही बारा वेळा, पहाटे चारलाही.

नवी इजा असेल तर मणका तसूभरही पिळला जाता कामा नये. ओंडका लोळवतात तसं सगळं शरीर एका रेषेत वळवावं लागतं. एकाने डोकं आणि मान धरायची, दुसऱ्याने खांदे, तिसऱ्याने कंबर, चौथ्याने पाय. मोजणी मान धरणारा माणूस करतो. त्याने ‘तीन’ म्हटलं की चारही जोड्या हात एकदम हलले पाहिजेत. एक हात मागे राहिला तरी इजा वाढू शकते.

‘हे हात कोणाचे असतात?’

‘नर्सिंग असिस्टंटचे. आर्मी मेडिकल कोअरचे जवान. अंगाने दणकट, काहीजण माझ्यापेक्षा वयाने मोठे. मान बहुतेक वेळा मी धरायचे, म्हणून मोजणीही माझीच.’

त्यांचं बोलणं ऐकताना या सेवेची रचना मला पहिल्यांदा नीट उमगली. परिचारिकेच्या खांद्यावर तारे कशासाठी, हा प्रश्न मी मनात घेऊन गेले होते. त्याचं उत्तर त्या पलंगाशी होतं. पहाटे चारला पेंगुळलेल्या तीन माणसांचे हात एका शब्दावर हलवायचे, तर त्या शब्दाला वजन लागतं. विनवणी करून ते काम होत नाही. आणि नुसत्या हुकमानेही होत नाही, कारण हुकूम देणाऱ्या बाईंचे स्वतःचे हात त्या मानेखाली असतात. हुद्दा आणि शुश्रूषा तिथे एकाच कामाला लागलेली असतात.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मानेला किंवा छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्या रुग्णाचं डोकं कधीकधी अचानक फुटेल असं दुखू लागतं. चेहरा लाल होतो, घाम फुटतो, रक्तदाब भराभर चढतो. वेळेत उतरला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कारण पुष्कळदा एवढंसंच असतं: लघवीची नळी कुठेतरी मुडपलेली आणि मूत्राशय तुंबलेलं. रुग्णाला खालचं काही जाणवत नाही, म्हणून शरीर दुसऱ्याच मार्गाने ओरडतं. सिस्टरने त्याला आधी उठून बसतं करायचं, मग चादर बाजूला सारून नळी तपासायची. डॉक्टर येईपर्यंत थांबायची मुभा नसते. ‘नळी सरळ केली की पाच मिनिटांत चेहरा बदलतो. तो चेहरा बघायला मिळतो म्हणून माणूस वर्षानुवर्षं नाइट ड्यूटी करतो,’ त्या म्हणाल्या.

मला सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवले. १९६५च्या युद्धात या जवानाला गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार ‘अश्विनी’त झाले. व्यायाम म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. आपल्याला ते पदक माहीत आहे. पण लुळं पडलेलं शरीर तलावाच्या पाण्यापर्यंत नेण्याआधी त्याची कातडी शाबूत ठेवावी लागते. ती कोणी ठेवली, याची नोंद पदकांच्या यादीत येत नाही.

म्हणून कौतुकापाशी हा लेख थांबवता येत नाही. ज्या हुद्द्याची गरज पलंगाशी इतकी स्पष्ट दिसते, तो वॉर्डाच्या बाहेर पडला की अर्धाच उरतो.

पैशांचंच बघा. सातव्या वेतन आयोगानंतर सैन्यातल्या अधिकाऱ्याला महिन्याला १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन मिळतं. ते लष्करी आयुष्यातल्या खास कष्टांसाठी असतं: बदल्या, ताटातूट, चोवीस तासांची बांधिलकी. नर्सिंग अधिकाऱ्याला त्याच नावाखाली १०,८०० मिळतात. बदल्या त्यांच्याही होतात आणि ताटातूटही सारखीच असते. फरकाचं मूळ १९४३च्या वटहुकमात आहे. त्याने त्यांना साहाय्यक दल म्हटलं, आणि महायुद्धाच्या घाईत काढलेल्या त्या वटहुकमावर ही सेवा ऐंशी वर्षांनंतरही उभी आहे. हुद्दा लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असा सैन्यातलाच. पण मान, भत्ते, निवृत्तीनंतरच्या सवलती असा विषय निघाला की ‘तुम्ही वेगळा वर्ग’ हे ऐकायला मिळतं. न्यायालयांत याच शब्दांभोवती खटले चालले आहेत.

लग्नाचा नियम तर याहून कठोर होता. लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी १९८८मध्ये लग्न केलं, एका लष्करी अधिकाऱ्याशीच. तेवढ्या कारणावरून त्यांना सेवेतून मुक्त केलं गेलं. १९७७च्या सूचनेत तशी तरतूद होती आणि ती १९९५मध्ये मागे घेतली गेली. सेलिना जॉन यांना न्याय मिळाला फेब्रुवारी २०२४मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने हा लिंगभेद असल्याचं स्पष्ट म्हटलं आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मधल्या छत्तीस वर्षांत त्यांच्या बरोबरीच्या मुली कर्नलपर्यंत पोहोचल्या असतील. तो हिशेब ६० लाखांत बसत नाही.

वटहुकमाचा आणखी एक परिणाम आहे: या सेवेत अधिकारी म्हणून फक्त स्त्रिया येऊ शकतात. तो दणकट नर्सिंग असिस्टंट जवान म्हणून रुग्णाचे खांदे धरतो. मात्र नर्सिंगची पदवी घेऊनही तो या सेवेत लेफ्टनंट होऊ शकत नाही. २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला यावर सुनावलं होतं: स्त्री सियाचीनला नेमली जाऊ शकते, तर पुरुषाने इस्पितळात परिचारक अधिकारी व्हायला काय हरकत? मला हा प्रश्न स्त्रियांच्याही हिताचा वाटतो. एखादं काम ‘बायकांचं’ ठरवून बाजूला ठेवलं की त्याचं मोल कमी धरणं सोपं होतं. १५,५०० आणि १०,८०० मधल्या फरकाकडे मी असंच बघते.

आता प्रवेशाचं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. पहिल्याच प्रयत्नात, निदान पन्नास टक्क्यांनी उत्तीर्ण. मग ‘नीट’. त्या गुणांवर निवडलेल्या मुलींची सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. देशभरातून २२० जागा. ग्रामीण भागातल्या मराठी माध्यमाच्या मुली इंग्रजी आणि मुलाखतीत अडतात, असा बाईंचा अनुभव. त्यांच्याच जिल्ह्यात घराघरातले मुलगे भरतीसाठी पहाटे पळायला जातात, त्याच घरातल्या मुलीला मात्र या परीक्षेचं नावही ठाऊक नसतं.

‘मुलींनी यावं का?’ संपादकांचा प्रश्न मी शेवटी विचारला.

‘यावं,’ त्या म्हणाल्या. ‘पण करारपत्र स्वतः वाचून यावं. कायम कमिशन मिळालं तर काय, अल्पकालीन मिळालं तर पुढे काय, हे आधी विचारावं. आणि नुसत्या गणवेशासाठी येऊ नये. गणवेश परेडला असतो. बाकीचं आयुष्य वॉर्डात जातं.’

त्यांचा सल्ला मुलींना आहे. माझं म्हणणं सरकारला आहे. शताब्दीला टपाल तिकीट निघेल, समारंभ होतील, ते जरूर व्हावेत. पण खरी भेट द्यायची तर १९४३चा वटहुकूम बाजूला ठेवावा आणि संसदेने या सेवेसाठी नवा कायदा करावा. त्यात नर्सिंग अधिकारी म्हणजे सैन्याचा पूर्ण अधिकारी, असं एकदा स्पष्ट लिहावं. लष्करी सेवा वेतन सारखं करावं. पदवीधर पुरुषांनाही दार उघडावं. खडकीच्या वॉर्डात पहाटे चारला ज्यांच्या शब्दाचं वजन कोणी तपासून बघत नाही, त्यांना ते दिल्लीच्या कचेऱ्यांत आणि कोर्टांत सिद्ध करत फिरावं लागू नये.