दोन युद्धे, दोन नकार

लिंगभेदावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, अशी दुरुस्ती अमेरिकेच्या राज्यघटनेत १९२० मध्ये झाली. जीनेट रँकिन मात्र त्याआधीच, नोव्हेंबर १९१६ मध्ये, अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्या होत्या. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. पण त्याचे उत्तर तेथील संघराज्य पद्धतीत आहे. मताधिकार कोणाला द्यायचा, हे तेव्हा मुख्यतः राज्येच ठरवीत आणि पश्चिमेकडील राज्ये याबाबत पुढे होती. मोंटाना राज्याने १९१४ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला. त्या चळवळीच्या अग्रभागी रँकिन होत्या. दोनच वर्षांनी त्या राज्यातून रिपब्लिकन पक्षातर्फे त्या प्रतिनिधिगृहात पोहोचल्या. काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

२ एप्रिल १९१७ रोजी त्यांनी आसन ग्रहण केले आणि त्याच दिवशी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. रँकिन यांच्यापुढे पेच उभा राहिला. विरोधी मत दिल्यास स्त्रिया राज्यकारभाराला अपात्र असल्याचा गवगवा होईल, अशी धास्ती मताधिकार चळवळीतील काही नेत्यांनाही वाटत होती. ६ एप्रिलच्या पहाटे ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. विरोधातील त्या पन्नास मतांत एक रँकिन यांचे होते. उरलेल्या एकोणपन्नास पुरुषांपेक्षा टीकेचा रोख त्यांच्याकडेच अधिक वळला.

तरीही त्यांचे कार्य थांबले नाही. जानेवारी १९१८ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवर प्रतिनिधिगृहात झालेल्या चर्चेला त्यांनीच प्रारंभ केला. सभागृहाने दुरुस्ती मंजूर केली. सिनेटमध्ये मात्र ती त्या वेळी अडली. पुढची निवडणूक येईपर्यंत मोंटानातील मतदारसंघांची रचना बदलली होती. १९१६ मध्ये दोन्ही जागा संपूर्ण राज्यातून निवडल्या गेल्या होत्या. आता राज्याचे दोन स्वतंत्र मतदारसंघ झाले. तेव्हा रँकिन यांनी सिनेटची निवडणूक लढवली आणि त्या पराभूत झाल्या.

त्यानंतरची दोन दशके त्यांनी शांतता चळवळीत घालवली. १९४० मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्या पुन्हा निवडून आल्या आणि इतिहासाने तोच प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा ठेवला. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, जपानविरुद्ध युद्धाचा ठराव आला. सिनेटमध्ये एकही विरोधी मत पडले नाही. प्रतिनिधिगृहात ठरावाच्या बाजूने ३८८ मते पडली आणि विरोधात केवळ एक. ते रँकिन यांचे होते. संतप्त जमावापासून बचावासाठी त्यांना टेलिफोनच्या बूथचा आसरा घ्यावा लागला आणि पुढे पोलिसांच्या संरक्षणात कार्यालय गाठावे लागले. त्यांची भूमिका मान्य नसलेले नामवंत संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांनी त्यांच्या धैर्याला मात्र मुक्तकंठाने दाद दिली. १९४२ मध्ये रँकिन यांनी निवडणूकच लढवली नाही.

पराभवाने कटू न होता त्या अभ्यासाकडे वळल्या. गांधीजींच्या अहिंसाविचाराने आकृष्ट होऊन १९४६ ते १९७१ या काळात त्या सात वेळा भारतात आल्या. जानेवारी १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ वॉशिंग्टनमध्ये हजारो स्त्रियांचा मोर्चा निघाला. त्याला रँकिन यांचेच नाव दिले होते आणि अग्रभागी सत्त्याऐंशी वर्षांच्या रँकिन स्वतः चालत होत्या. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या कॅपिटॉलमध्ये त्यांची हुर्यो उडवली गेली होती, तेथेच १९८५ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

हिटलरच्या काळात निरपवाद शांततावाद व्यवहार्य होता का, हा प्रश्न रास्तच आहे. त्यांच्या चाहत्यांनाही तो टाळता येत नाही. परंतु त्यांच्या मताचे मोल युद्ध थांबण्या-न थांबण्यावर ठरत नाही. प्रक्षोभाच्या क्षणीही सभागृहात नकार नोंदवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवरील दहशतवादी हल्ल्यांनंतर, अध्यक्षांना लष्करी बळाच्या वापराचे अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मताने संमत झाला. तेव्हाचे ते एकमेव विरोधी मतही एका स्त्रीचेच होते : कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचे.